परदेशात घर घेताना कायदेशीर मदत : दुबईत घर घेणाऱ्या भारतीय कुटुंबांसाठी माहिती

आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांची कुटुंबे देशभर पसरलेली आहेत. कोकणातील रत्नागिरी, केरळमधील मलप्पुरम, तेलंगणातील करीमनगर, बिहारमधील सिवान अशा अनेक जिल्ह्यांत घरटी एक माणूस 'गल्फ'ला असतो. दहा-पंधरा वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर काही जण तिथेच छोटा फ्लॅट घेण्याचा विचार करतात. कधी दोघे भाऊ मिळून घेतात, तर कधी गावाकडची जमीन विकून पैसे उभे केले जातात. अशा व्यवहारात कोणते कायदे लागू होतात आणि वकिलाची किंवा सरकारी मदत कोठे मिळते, याची माहिती या लेखात दिली आहे. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असल्याने उदाहरण म्हणून संयुक्त अरब अमिरातीतील दुबई घेतली आहे. भारताच्या बाजूचे नियम मात्र कोणत्याही देशात घर घेतले तरी तेच राहतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. परदेशात घर घेण्यासाठी भारत सरकारची कोणतीही अनुदान योजना नाही. प्रधानमंत्री आवास योजना फक्त भारतातील घरासाठी आहे. 'सरकारी योजनेतून दुबईत घर' असे सांगणारा माणूस तुमची फसवणूक करत आहे.

तुम्ही कायद्याच्या दृष्टीने निवासी की अनिवासी?

सगळे पुढचे नियम या एका प्रश्नावर अवलंबून आहेत. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे फेमा, या कायद्यानुसार नोकरीसाठी देश सोडून गेलेली व्यक्ती 'भारताबाहेरील निवासी' मानली जाते. म्हणजे तुमचे पती किंवा मुलगा दुबईत नोकरी करत असेल आणि तिथल्याच पगारातून तिथे घर घेत असेल, तर त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पुढे तो कायमचा भारतात परतला तरी ते घर त्याच्याकडे राहू शकते. ते विकण्याची किंवा भाड्याने देण्याचीही त्याला मुभा असते. फेमाच्या कलम ६(४) मध्ये ही तरतूद आहे. परदेशात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने मिळालेल्या घरालाही हेच कलम लागू होते.

तुम्ही भारतातच राहत असाल आणि इथून पैसे पाठवून घर घेणार असाल, तर परदेशी गुंतवणूक नियम, २०२२ लागू होतात. त्यानुसार तुम्ही उदारीकृत प्रेषण योजनेतून पाठवलेल्या पैशांनी घर घेऊ शकता. परतल्यावर उघडलेल्या निवासी परकीय चलन खात्यातील पैसे वापरता येतात. परदेशात राहणाऱ्या नातेवाईकाबरोबर संयुक्त नावानेही घर घेता येते.

आयकरासाठी निवासी कोण, हे मात्र भारतात किती दिवस राहिलात यावर ठरते. त्यामुळे एकच माणूस एका वर्षी फेमाच्या दृष्टीने अनिवासी आणि आयकराच्या दृष्टीने निवासी असू शकतो. याच गोंधळात बहुतेक नोटिसा येतात. म्हणून विधी सेवा केंद्रात किंवा सनदी लेखापालाकडे जाताना पासपोर्टवरील येण्या-जाण्याच्या शिक्क्यांची पाने सोबत न्या.

भारतातून पैसे पाठवताना

उदारीकृत प्रेषण योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. दिरहामचा डॉलरशी दर ३.६७२५ असा बांधलेला आहे, म्हणून ही मर्यादा सुमारे ९ लाख १८ हजार दिरहाम होते. पती-पत्नी दोघांनी आपापल्या मर्यादेत पैसे पाठवले तर ते एकत्र करता येतात, पण दोघांचीही नावे घराच्या कागदावर असावीत. पॅन आवश्यक आहे. बँकेत ए-२ अर्ज भरावा लागतो आणि त्यात पैसे कशासाठी पाठवत आहात ते खरे लिहावे लागते. 'कुटुंबाचा निर्वाहखर्च' असे लिहून घराचा हप्ता पाठवू नका.

१० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम घरासाठी पाठवल्यास वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर कापून घेते. ही १० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे. त्याआधी ती ७ लाख होती. हा कर बुडालेला पैसा नाही. विवरणपत्र भरून तो तुमच्या करात वळता करता येतो किंवा परत मिळतो. मात्र परतावा येईपर्यंत काही महिने ती रक्कम अडकून पडते, हे हिशेबात धरा. ३० लाख पाठवायचे असतील तर २० लाखांवर ४ लाख रुपये जास्तीचे हाताशी हवेत.

परदेशातील घरासाठी या योजनेतून पैसे पाठवायला भारतातील बँक कर्ज देऊ शकत नाही. गावाकडचे घर गहाण ठेवून त्यातून दुबईचा फ्लॅट घ्या, असा सल्ला एजंट सर्रास देतात. तो मानू नका. टोकनची रक्कम आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाने भरण्याचा आग्रहही केला जातो. घर घेणे हा भांडवली व्यवहार आहे आणि कार्डाची सोय त्यासाठी नाही. विकासकाने पाच-सात वर्षांच्या हप्त्यांची योजना दिली असेल आणि तुम्ही भारतात राहत असाल, तर करारावर सही करण्यापूर्वी ती योजना आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाला दाखवून लेखी उत्तर घ्या.

हवालाबद्दल स्पष्टच सांगायला हवे, कारण तो गावोगावी चालतो आणि त्यात गैर काही आहे असे कुणाला वाटतही नाही. 'तुम्ही इथे रुपये द्या, तिथे दिरहाम मिळतील' हा व्यवहार बेकायदा आहे. फेमाच्या कलम १३ नुसार गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. कलम ३७-अ नुसार परदेशातील बेकायदा मालमत्तेइतक्या किमतीची भारतातील मालमत्ता जप्त करता येते. म्हणजे दुबईचा फ्लॅट वाचवताना गावची जमीन जाऊ शकते.

दुबईत नोकरी करणाऱ्या अनिवासी व्यक्तीला भारतातील आपले पैसे तिकडे न्यायचे असतील तर मार्ग वेगळा आहे. एनआरई खात्यातील रक्कम मोकळेपणी नेता येते. एनआरओ खात्यातून, उदाहरणार्थ वडिलोपार्जित जमीन विकून आलेले पैसे, कर भरल्यावर आणि सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात. एक इशारा : भारतातील घर विकून आलेल्या नफ्यावर करसवलत हवी असेल तर नवे घर भारतातच घ्यावे लागते. दुबईत घेतलेल्या घरावर ती सवलत मिळत नाही.

दुबईत परदेशी व्यक्तीची मालकी

दुबईच्या २००६ च्या कायदा क्रमांक ७ नुसार परदेशी नागरिकाला फक्त सरकारने ठरवून दिलेल्या भागांतच पूर्ण मालकी किंवा जास्तीत जास्त ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. देरा किंवा सत्वासारख्या जुन्या वस्तीत ओळखीचा माणूस 'घर नावावर करून देतो' म्हणाला, तर तो भाग परदेशी मालकीसाठी खुला आहे का, हे दुबई जमीन विभागाकडे विचारा. स्थानिक माणसाच्या नावावर घर आणि तुमच्याकडे फक्त साधा लेखी करार, असला सौदा करू नका. नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक.

मालकीसाठी निवासी व्हिसा असणे बंधनकारक नाही. नोकरी गेली आणि व्हिसा संपला तरी घर तुमचेच राहते. उलट, घर घेतले म्हणून आपोआप व्हिसा मिळेल असेही नाही. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी किमान २० लाख दिरहामची मालमत्ता लागते. छोट्या फ्लॅटच्या जाहिरातीत गोल्डन व्हिसाचे आमिष दिसले तर आधी किंमत पाहा.

इतर देशांबद्दल थोडक्यात : ओमानमध्ये परदेशी व्यक्तींची मालकी मुख्यतः ठरावीक पर्यटन संकुलांपुरती आहे. सौदी अरेबियाने परदेशी मालकीचा नवा कायदा केला असून तो जानेवारी २०२६ पासून लागू आहे. मक्का आणि मदिनेसाठी त्यातही खास निर्बंध आहेत. दुबईचा अनुभव तिथे जसाच्या तसा लागू करू नका.

बांधकाम चालू असलेले घर

सर्वांत जास्त सौदे याच प्रकारात होतात आणि अडचणीही याच प्रकारात येतात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

दुबईत २००७ च्या कायदा क्रमांक ८ नुसार विकासकाला प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र एस्क्रो खाते ठेवावे लागते. ग्राहकांचे पैसे याच खात्यात जमा झाले पाहिजेत आणि ते त्याच प्रकल्पासाठी वापरले पाहिजेत. पैसे विकासकाच्या दुसऱ्या खात्यात, एजंटच्या खात्यात किंवा भारतातील एखाद्या 'मार्केटिंग कंपनी'च्या खात्यात मागितले, तर तिथेच थांबा. प्रकल्पाचे नाव, एस्क्रो खाते आणि बांधकाम किती टक्के झाले ही माहिती दुबई जमीन विभागाच्या 'दुबई रेस्ट' या अॅपवर पाहता येते. एजंटची नोंदणीही तिथेच तपासता येते. एजंटकडे त्याचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. खऱ्या एजंटला त्याचा राग येत नाही.

चालू बांधकामातील घराची विक्री 'ऊकूद' या तात्पुरत्या नोंदवहीत नोंदवावी लागते. २००८ च्या कायदा क्रमांक १३ नुसार ही नोंद नसलेला व्यवहार निरर्थक ठरतो. पहिला हप्ता भरल्यावर 'नोंदणी नंतर करू' असे विकासक म्हणत असेल, तर तुमच्या हातात कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही.

आता हप्ते थकले तर काय? विकासक जमीन विभागामार्फत ३० दिवसांची नोटीस देतो. त्या मुदतीत तोडगा निघाला नाही तर करार रद्द होऊ शकतो आणि बांधकाम किती झाले यावर विकासक किती रक्कम ठेवून घेईल ते ठरते. ६० टक्क्यांपेक्षा जास्त बांधकाम झाले असेल तर कराराच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत, आणि त्यापेक्षा कमी झाले असेल तर २५ टक्क्यांपर्यंत. इथे 'कराराची किंमत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ६ लाख दिरहामच्या फ्लॅटसाठी तुम्ही दीड लाख भरले असतील, तर २५ टक्के म्हणजे तेवढेच दीड लाख. हातात काहीच परत येत नाही. नोकरीचा करार दोन वर्षांचा आणि हप्ते पाच वर्षांचे असतील, तर हा धोका डोळ्यांसमोर ठेवूनच सही करा. नोटीस आली की गप्प बसू नका. त्या ३० दिवसांतच कायदेशीर सल्ला घ्या.

तयार घर आणि प्रत्यक्ष खर्च

तयार घराच्या सौद्यात विक्रेता आणि खरेदीदार 'फॉर्म एफ' या ठरलेल्या नमुन्यात करार करतात. विकासकाकडून ना-हरकत दाखला घेतला जातो. त्यानंतर जमीन विभागाने मान्यता दिलेल्या नोंदणी कार्यालयात हस्तांतर होऊन तुमच्या नावाचे मालकी प्रमाणपत्र मिळते. या प्रक्रियेत वकील असणे सक्तीचे नाही आणि म्हणूनच अनेक जण वकील न घेताच पुढे जातात. पण विक्रेत्याच्या डोक्यावर कर्ज आहे का, इमारतीचा वार्षिक देखभाल खर्च थकलेला आहे का, भाडेकरूचा करार चालू आहे का, हे तपासायला एकदा तरी जाणकाराकडून कागद वाचून घेणे स्वस्त पडते.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. घराची किंमत ६ लाख दिरहाम धरली, तर परदेशी व्यक्तीला पहिल्या तयार घरासाठी बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार दिरहाम कर्ज देऊ शकते. उरलेले १ लाख २० हजार तुमचे. नोंदणी शुल्क ४ टक्के, म्हणजे २४ हजार. ते बहुधा खरेदीदारच भरतो. दलाली साधारण २ टक्के, म्हणजे १२ हजार आणि त्यावर ५ टक्के मूल्यवर्धित कराचे ६००. कर्जाच्या नोंदणीसाठी कर्जाच्या ०.२५ टक्के, म्हणजे १,२००. नोंदणी कार्यालयाचे शुल्क आणि बँकेचे मूल्यांकन शुल्क वेगळे. म्हणजे सुरुवातीला १ लाख ५८ हजार दिरहामहून अधिक रोख हवी. चालू बांधकामातील घरासाठी कर्जाची मर्यादा ५० टक्केच आहे. सर्व हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, असाही तिथल्या मध्यवर्ती बँकेचा नियम आहे.

कर्ज थकवून भारतात परतले तर प्रकरण मिटते, असा एक समज जुन्या लोकांत आहे. तो आता खरा नाही. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली मान्यताप्राप्त प्रदेश घोषित केले. त्यामुळे तिथल्या न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी भारतातील जिल्हा न्यायालयामार्फत होऊ शकते. तसेच दुबईतच न्यायालयीन आदेशाने प्रवासबंदी लागू शकते. अडचण आली तर बँकेशी लेखी बोलणी करून हप्ते पुन्हा बांधून घेणे हाच मार्ग आहे.

मोफत आणि कमी खर्चाची कायदेशीर मदत

भारतात विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नापेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदत मिळते. उत्पन्नाची मर्यादा प्रत्येक राज्य ठरवते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना ही मर्यादा लागू नाही. त्यामुळे पती दुबईत आणि पत्नी गावी असेल, तर पत्नीने स्वतःच्या नावाने तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. मदत क्रमांक १५१०० आहे.

तिथून काय मिळेल ते नीट समजून घ्या. मुखत्यारपत्राचा मसुदा, वारस दाखल्याचा अर्ज, भारतातील एजंटविरुद्ध तक्रार, फेमा किंवा आयकराच्या नोटिशीवर प्राथमिक सल्ला, भारतीय न्यायालयातील वकील, हे सर्व मिळू शकते. दुबईच्या न्यायालयात उभा राहणारा वकील मात्र मिळणार नाही.

जिल्ह्याच्या गावी जाणे जमत नसेल तर जवळच्या सामायिक सेवा केंद्रातून 'टेलि-लॉ' सेवेत वकिलाशी फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येते. त्याचा क्रमांक १४४५४ असून सल्ला मोफत आहे. करार इंग्रजीत असेल आणि तुम्हाला मराठीत समजून घ्यायचा असेल, तर ही सेवा खरोखर उपयोगी पडते.

दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. अमिरातीतून ८०० ४६३४२ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत फोन करता येतो आणि तिथे कायदेशीर समुपदेशनही मिळते. दूतावासाकडून दाद मिळत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. तक्रार गावातून कुटुंबीयही करू शकतात.

भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. अडचणीत सापडलेल्या गरजू भारतीयांना त्यातून प्राथमिक कायदेशीर मदत, तात्पुरता निवारा, परतीचे तिकीट अशी मदत मिळते आणि ती आर्थिक स्थिती पाहून दिली जाते. फ्लॅटच्या वादाचा खटला या निधीतून लढवला जाईल, असे गृहीत धरू नका. त्याचप्रमाणे प्रवासी भारतीय विमा योजनेत कायदेशीर खर्चासाठी ४५ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण ती नोकरीशी संबंधित खटल्यासाठी आहे, घरासाठी नाही. या दोन्ही योजनांच्या नावावर घराच्या प्रकरणासाठी पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा.

दुबईत वकील नेमताना

दुबईत 'कायदा सल्लागार' आणि 'न्यायालयात उभा राहणारा वकील' हे दोन वेगळे परवाने आहेत. अनेक भारतीय व्यक्ती कायदा सल्लागार म्हणून काम करतात. ते करार वाचतात, मसुदे करतात, बोलणी करतात. पण दुबईच्या स्थानिक न्यायालयात बाजू मांडण्यासाठी तिथे नोंदणी असलेला वकीलच लागतो. भारतातील वकिलीची सनद तिथे चालत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत परवाना कोणता आहे ते विचारा, फी लेखी ठरवून घ्या आणि अनुवाद व न्यायालयीन शुल्क त्या फीमध्ये आहे की वेगळे, हेही लिहून घ्या.

न्यायालयाचे कामकाज मुख्यतः अरबीत चालते. करार अरबी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असेल आणि दोन्हींत फरक आढळला, तर अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. मित्राने वाचून दाखवलेल्या इंग्रजी करारावर विसंबून सही करू नका. विकासकाने सुचवलेला वकील तुमच्यासाठी कागद तपासत असेल, तर तो नेमका कोणाचे हित पाहणार, याचाही विचार करा.

मुखत्यारपत्र

घर घेणारा एका देशात आणि सही करणारा दुसऱ्या देशात, असे नेहमी होते. भारतात केलेले मुखत्यारपत्र दुबईत वापरायचे असेल तर फक्त नोटरीचा शिक्का पुरत नाही. नोटरीनंतर राज्य सरकारचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, मग भारतातील अमिरातीच्या दूतावासाचे आणि शेवटी अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाचे, असा क्रम असतो. त्यानंतर मान्यताप्राप्त अनुवादकाकडून अरबी भाषांतर. याला काही आठवडे धरा. दुबईत असलेल्या व्यक्तीने मुखत्यारपत्र तिथल्याच नोटरीकडे केलेले सोपे जाते.

मुखत्यारपत्रात अधिकार मोजून द्या. घर खरेदी करण्याचा अधिकार द्यायचा असेल तर विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा पैसे स्वतःच्या खात्यात घेण्याचा अधिकार त्यात आपोआप आलेला नाही ना, हे पाहा. कोणत्या घरासाठी आणि किती मुदतीसाठी, हेही लिहा. सख्ख्या भावाला दिले तरी हेच करा. नाती टिकण्यासाठीही ते बरे असते.

मालकाचा मृत्यू झाल्यास

हा विषय घरात काढायला कुणालाच आवडत नाही, पण गावी असलेल्या पत्नी-मुलांवर सर्वांत मोठा प्रसंग याच वेळी येतो. घर एकट्याच्या नावावर असेल तर दुबईच्या न्यायालयाकडून वारसा आदेश मिळेपर्यंत ते हस्तांतरित होत नाही. मुस्लिम व्यक्तीच्या वारसांना तिथल्या शरियतवर आधारित कायद्याप्रमाणे हिस्से मिळतात. बिगर-मुस्लिम परदेशी व्यक्तींसाठी १ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा कायदा लागू आहे : मृत्युपत्र नसेल तर निम्मा हिस्सा पती किंवा पत्नीला आणि निम्मा मुलामुलींना समान. बिगर-मुस्लिम व्यक्तीला तिथे मृत्युपत्र नोंदवताही येते. भारतात केलेल्या मृत्युपत्रावर पुढे काम होऊ शकते, पण साक्षांकन आणि अनुवादात वेळ जातो.

गावी असलेल्या कुटुंबाने प्रथम भारतीय वाणिज्य दूतावासात मृत्यूची नोंद झाली आहे का ते पाहावे. मग वारस दाखला घ्यावा. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळते. गृहकर्ज असेल तर त्यासोबत जीवनविमा होता का, हे बँकेला लेखी विचारावे. असे विमे बहुधा असतात आणि त्यातून कर्ज फिटते, पण कुटुंबाने मागणी केल्याशिवाय कुणी सांगायला येईलच असे नाही. म्हणून कर्जाचे आणि विम्याचे कागद कोठे आहेत, हे घर घेतानाच घरी सांगून ठेवा. शक्य असेल तर घर पती-पत्नी दोघांच्या नावावर घ्या.

घर घेतल्यावर भारतात काय दाखवायचे

आयकराच्या दृष्टीने तुम्ही भारताचे सामान्य निवासी असाल तर परदेशातील घर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावेच लागते, मग त्यातून उत्पन्न येवो वा न येवो. सोपा समजला जाणारा आयटीआर-१ अर्ज अशा वेळी चालत नाही. घर न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून जी सूट मिळाली, ती घर-जमिनीला लागू नाही. दुबईत भाड्यावर वैयक्तिक आयकर नसला तरी भारताच्या निवासी व्यक्तीला ते भाडे इथे उत्पन्नात धरावे लागते. कायमचे परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षे अनेकांना 'निवासी पण सामान्य निवासी नाही' असा दर्जा मिळतो आणि त्या काळात हा तक्ता लागू होत नाही. तो दर्जा कधी संपतो, ते मोजून ठेवा.

सरकारी योजनांचा लाभ घेणाऱ्या कुटुंबांना एक प्रश्न हमखास पडतो : दुबईत घर असेल तर आवास योजना मिळेल का? प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये 'देशात कोठेही पक्के घर नसावे' अशी अट आहे, म्हणजे ती भारतातील घराबद्दल बोलते. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत असावे लागते आणि पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. पतीचा दुबईतील पगार वगळून उत्पन्न दाखवल्यास ती खोटी माहिती ठरेल. शिधापत्रिका आणि उत्पन्नावर आधारित इतर योजनांतही शपथपत्र देताना हेच ध्यानात ठेवा.

भारतातल्या एजंटने फसवले तर

मुंबई, हैदराबाद, कोची अशा शहरांत हॉटेलांमध्ये परदेशी घरांची प्रदर्शने भरतात. भारताचा रेरा कायदा परदेशातील प्रकल्पांना लागू नाही, म्हणून महारेराकडे दुबईच्या विकासकाविरुद्ध दाद मागता येत नाही. पण ज्या एजंटने किंवा कंपनीने भारतात तुमच्याकडून पैसे घेतले, तिच्याविरुद्ध तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. फसवणुकीचा गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर ताबडतोब, शक्यतो त्याच दिवशी कळवा. विकासकाविरुद्धची तक्रार मात्र दुबई जमीन विभागाकडेच करावी लागते. रद्द झालेल्या किंवा अपूर्ण राहिलेल्या प्रकल्पांसाठी तिथे खास न्यायाधिकरण आहे.

तक्रारीला किंवा पहिल्या सल्ल्याला जाताना आरक्षणाची पावती, कराराची प्रत, ऊकूद नोंदीची प्रत, पैसे पाठवल्याची बँकेची कागदपत्रे, एजंटशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश, पासपोर्टची पाने आणि आधार-पॅनच्या प्रती सोबत न्या. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. महिलांनी किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांनी मोफत मदतीसाठी उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून थांबू नये. ओळखपत्र किंवा जातीचा दाखला दाखवून अर्ज त्याच दिवशी देता येतो.